ओढ्याच्या पाण्यावर आठ घरांची वीज भागते का?

डोंगरातल्या ओढ्याकाठी सात-आठ कुटुंबांनी मिळून, बाहेरून वीज न घेता राहायचे ठरवले तर ओढ्यावरची वीज पुरेल का, असे आपण विचारले आहे. मी अशाच आठ घरांच्या वस्तीत सहा वर्षे राहत आहे. वीज पुरते, मात्र हिशेब ओढा दुथडी वाहत असतानाचा नव्हे, तर तो अगदी बारीक झालेला असतानाचा करावा लागतो.

दर सेकंदाला मिळणारे लिटर आणि पाणी जितक्या मीटरवरून खाली येते ती उंची, यांच्या गुणाकाराला पाचाने गुणले की लहान संचातून मिळणारे वॅट अंदाजे कळतात. खरा गुणक ९.८ आहे, परंतु पाइपातले घर्षण, टर्बाइन आणि जनित्र मिळून जवळपास निम्मे खातात. आमच्या पाइपाखाली २० लिटरची बादली ५ सेकंदांत भरते आणि उंची ३० मीटर आहे, म्हणजे ६०० वॅट. पाहुण्यांना हा आकडा ऐकून हसू येते, कारण पाणी तापवणारी एक विजेची किटलीसुद्धा याहून जास्त खाते; पण ओढा रात्रीही वाहत असल्यामुळे दिवसाकाठी १४ युनिट जमतात आणि बॅटरीच्या आधाराने दिवे, फोन, संगणक, लहान फ्रिज एवढे सर्व निभावते. कोरड्या महिन्यांत तीच बादली भरायला २० सेकंद लागतात आणि हाती १५० वॅट राहतात, म्हणून सौर पॅनेलही बसवावी लागली.

आमचे यंत्र पेल्टन चाकाचे आहे, म्हणजे कडेला बसवलेल्या वाट्यांवर पाण्याची जोरदार धार आदळून फिरणारे चाक. थोडे पाणी आणि मोठा उतार असेल तेथे हीच रचना बरी पडते, आणि गाळ बसण्यासाठी वाटेत टाकी ठेवली तर ते वर्षानुवर्षे फारशी कुरबुर करत नाही. खरी डोकेदुखी पाणी पाइपात शिरते त्या तोंडावरच्या जाळीची. पानगळीत ती एका रात्रीत लिंपल्यासारखी बंद होते. मीटरवरचा आकडा घसरू लागला की ज्याची पाळी असेल त्याने टॉर्च घेऊन वर जायचे, बर्फासारख्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून पाने ओरबाडून काढायची आणि पाइपातली हवा गुडगुडत बाहेर पडून धार पुन्हा भरेपर्यंत तिथेच उभे राहायचे. वस्तीतली बहुतेक भांडणे विजेच्या वाटणीवरून नव्हे, तर या पाळीवरून झाली आहेत. तेव्हा सोबत येणाऱ्यांची निवड करताना एवढे जरूर विचारा.

पिण्याचे पाणी आम्ही वेगळ्या नळीने आणून वाळूच्या संथ गाळणीतून सोडतो. तिच्या वरच्या थरात जंतूंना खाणारे सूक्ष्मजीव वाढतात आणि तो थर तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. एका उत्साही सदस्याने तो खरवडून लख्ख केला, तेव्हा तितके दिवस सर्वांना पाणी उकळून प्यावे लागले.

जागेचा व्यवहार करण्यापूर्वी कोरड्या महिन्यात बादली आणि घड्याळ घेऊन एकदा जाऊन यावे, आणि पाणी वळवण्यास कोणाची परवानगी लागते हेही विचारून घ्यावे. काठावरच्या बुंध्यांवर काडीकचरा किती उंचीवर अडकला आहे, हेही त्याच फेरीत पाहावे. घरे पुराच्या त्या रेषेच्या बरीच वर बांधावीत.