गावात जुने चित्रपट आणि मालिका दाखवायच्या तर कोणत्या, आणि मालिकेचा कोणता भाग?

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: लाखांदूर तालुक्यातल्या तुमच्या गावी वाचनालयाला प्रोजेक्टर मिळाला. दर शनिवारी रात्री जुने चित्रपट आणि दूरदर्शनच्या जुन्या मालिका दाखवायचा विचार आहे. पण पोरं म्हणतात जुनं फार संथ असतं, कोणी बसणार नाही. आणि मालिका पहिल्या भागापासून लावायची की निवडक भाग घ्यायचे, हेही तुम्ही विचारलं. आम्ही ब्रह्मपुरीकडे हेच काम बरीच वर्षं करत आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या 'संथ'चं बघू. आपला झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातला माणूस दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत नाटकं पाहतो. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक संपता संपता उजाडतं. दुलई पांघरून, लेकरू मांडीवर झोपवून बाया पहाटेपर्यंत जागच्या हलत नाहीत. या लोकांना संथपणाचा त्रास होतो, हे मला पटत नाही. त्यांना दोन गोष्टी सहन होत नाहीत. एक, बोललेलं ऐकू न येणं. दुसरी, कोण कोणाचा कोण लागतो ते न कळणं. जुन्या चित्रपटांचा आवाज दबलेला आणि खरखरीत असतो, प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर एवढासा. मागच्या माणसाला संवाद कळत नाही, तो शेजाऱ्याशी बोलायला लागतो, मग पुढच्यालाही ऐकू येत नाही आणि सगळे म्हणतात पिक्चर संथ आहे. भजनी मंडळाचा साउंड मागून घ्या, बॉक्स पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा, बास कमी करा. सुरू करण्याआधी दोन मिनिटं उभं राहून पात्रांची ओळख करून द्या. निम्मी तक्रार तिथंच मिटते.

आता निवडीचं. पुण्या-मुंबईच्या लोकांनी केलेल्या याद्या जशाच्या तशा उचलू नका. त्या चुकीच्या नसतात, पण आपल्याकडे सिनेमा वेगळ्या वाटेनं आला. चित्रपटाच्या धंद्यात विदर्भ मुंबईच्या सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या विभागात, कधी नव्हताच. सीपी-बेरार (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) हे वेगळं सर्किट होतं आणि वितरकांची कार्यालयं अमरावती-भुसावळला. मराठी चित्रपटाच्या प्रिंटा आधीच मोजक्या, त्या पुणे, कोल्हापूर, सांगलीकडं फिरून झाल्यावर इकडं यायच्या, कितीक तर आल्याच नाहीत. तोवर इथल्या टॉकीजमध्ये हिंदी पिक्चर मुक्काम ठोकून असायचा. म्हणून 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्यात १३१ आठवडे चालला हे तिकडच्या आजोबांच्या आठवणीतलं असतं, आपल्या आजोबांच्या नाही. आपल्याकडे हे चित्रपट जुने असून नवे आहेत, लोक ते पहिल्यांदाच पाहतात. माझ्या मते ही फार मोठी सोय आहे. आठवणींचा आधार नसल्यामुळे चित्रपटाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं, आणि जो उभा राहतो तो खरा.

माझी कसोटी एकच आहे. रविवारी सकाळी पानठेल्यावर त्या चित्रपटावर भांडण झालं पाहिजे. 'छान होता' एवढंच म्हणून लोक उठले तर तो चित्रपट आपल्या गावासाठी नव्हता, मग त्याला कितीही पदकं मिळालेली असोत.

या कसोटीवर सगळ्यात वर 'सामना'. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. पण हे गावात सांगायची गरज नाही. सांगायचं ते एवढंच की हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याच्या जोरावर गावाचा मालक झालेला माणूस आहे आणि त्याच्या घरी एक दारुडा म्हातारा मास्तर येऊन पडतो. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू. आपल्याकडे कारखाना नाही म्हणून लोकांना परकं वाटेल, अशी आमच्या मंडळातल्या काहींना भीती होती. तसं काही झालं नाही. लोकांनी कारखान्याच्या जागी राईस मिल आणि तेंदूपत्त्याचा ठेका स्वतःच बसवून घेतला. गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल मास्तर पुन्हा पुन्हा विचारतो, 'मारुती कांबळेचं काय झालं?' पहिल्या वेळी पोरं हसली. त्यांनी हा प्रश्न मोबाईलवर विनोद म्हणून पाहिलेला असतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी कोणी हसलं नाही. शेवटी दिवे लावले तेव्हा मागून एक जण बसल्या जागेवरून म्हणाला, 'मारोती कांबळे तं आपल्या इकडंबी होऊन गेले ना भाऊ.' त्यावर कोणी काही बोललं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर तेच बोलणं चाललं. त्या चित्रपटात निळू फुले ओरडत नाहीत हे पोरांना मुद्दाम दाखवा. हिंदुराव मास्तरांची बडदास्त ठेवतो, अगत्यानं दारू पाजतो, हौसेनं आपला कारभार दाखवतो. पुढच्या चित्रपटांतला त्यांचा ठरीव खलनायक आठवून लोक येतात आणि हा पाहुणचार करणारा माणूस पाहून बिचकतात. सत्ता घरात कशी वागते हे इतकं नेमकं मी दुसरीकडं पाहिलं नाही.

'सिंहासन' (१९७९) मात्र लगेच लावू नका. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा, मंत्रालय आणि मुंबईतला चित्रपट आहे, पात्रं खूप, आणि कृष्णधवल. ओळख करून न देता लावला की अर्ध्या तासात लोक हरवतात. निवडणुकीच्या आगेमागे लावा, तेव्हा सगळ्यांना राजकारण तोंडपाठ असतं. शेवटाकडं पत्रकार दिगू टिपणीसचं डोकं फिरतं, तिथं कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. यातलं 'उषःकाल होता होता' हे गाणं अमरावतीच्या सुरेश भटांचं आहे, ते नक्की सांगा. आपल्या मातीतला माणूस पडद्यामागं आहे हे कळलं की लोक वेगळ्या कानानं ऐकतात. 'जैत रे जैत' (१९७७) लावाल तेव्हाही सांगा की ती मूळ कादंबरी लिहिणाऱ्या गो. नी. दांडेकरांचा जन्म परतवाड्याचा.

'संत तुकाराम' (१९३६, प्रभात, दिग्दर्शन दामले-फत्तेलाल) हा तुमचा पहिला चित्रपट असावा असं माझं ठाम मत आहे. भक्तिपट म्हणून म्हातारी माणसं येतील, तेवढ्यासाठी नाही. जिजाईसाठी. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा माणूस हात जोडतो हे खरं, पण चित्रपट उचलून धरते ती जिजाईचं काम करणारी गौरी. घरात पोर आजारी, नवरा विठ्ठल विठ्ठल करतोय, तेव्हा ती पोराला ओढत देवळात नेते आणि दुसऱ्या हातात पायतण घेऊन देवालाच जाब विचारायला निघते. आमच्याकडे त्या प्रसंगाला बाया सरसावून बसल्या. एक आजी मोठ्यानं म्हणाली, 'बरोबर हाय वो तिचं, चूल कोन पेटवन?' संतपटात संताच्या बायकोची बाजू इतक्या सन्मानानं मांडणारा हा चित्रपट ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वीचा आहे. १९३७ ला व्हेनिसला त्याचा गौरव झाला तो उगाच नाही. 'आधी बीज एकले' हे त्यातलं पद शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आहे, तुकोबांचा अभंग नाही, तेवढं भजनी मंडळाला जरा जपून सांगा. ते ऐकून घ्यायला सहसा तयार नसतात.

डॉ. लागूंचे तीन चित्रपट लागोपाठच्या शनिवारी लावा, असा माझा आग्रह राहील. 'पिंजरा' (१९७२), 'सामना' आणि 'देवकीनंदन गोपाळा' (१९७७). पहिल्यात आदर्श म्हणून पुजला जाणारा आणि तमाशाच्या फडात कोसळणारा मास्तर, दुसऱ्यात आधीच कोसळलेला पण जाब विचारणारा मास्तर, तिसऱ्यात गाडगेबाबा. 'पिंजरा' मला तिन्हींत कच्चा वाटतो. राम कदमांची गाणी आणि लागू यांच्यावर तो तरला आहे. नाचणारी बाई म्हणजे चांगल्या माणसाच्या अधःपाताचं कारण, ही त्यातली धारणा मला तेव्हाही खटकली आणि आज जास्त खटकते. ज्या भागात खडीगंमत आणि दंडार या लोककला घरच्या आहेत, तिथं तर कलावंताकडं असं पाहणं बरोबर नाही. पण लावा. यावर भांडण हमखास होतं. 'देवकीनंदन गोपाळा' आपला आहे. बाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, देह ठेवला तो वलगावजवळ, १९५६ च्या डिसेंबरात. दिग्दर्शक राजदत्त. कीर्तनात बाबा प्रश्न विचारतात आणि लोकांकडून उत्तर काढून घेतात, तो ढंग ज्यांनी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकला आहे ते पडद्याला उत्तरं देतात. देऊ द्या. गप्प करू नका.

'श्यामची आई' (१९५३) सगळे सुचवतील. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला चित्रपट आहे, मी नाही म्हणणार नाही. पण फक्त शाळेच्या पोरांना रांगेत बसवून दाखवू नका. संस्कार म्हणून पाजला की तो त्यांना कायमचा नकोसा होतो. आयांसोबत, रात्री, घरच्यासारखा दाखवा. 'उंबरठा' (१९८२) बचत गटाच्या बायांना आधी स्वतंत्र दाखवा. स्मिता पाटीलची सुलभा शेवटी घर सोडून निघते, त्यावर पुरुषांसमोर बाया मोकळं बोलत नाहीत. नुसत्या बाया असल्या की तास-तास बोलतात. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) सगळ्यांना पाठ आहे, केव्हाही लावा, फक्त पहिल्या महिन्यात नको.

आता मालिका. इथं माझं उत्तर स्पष्ट आहे: निवडक भाग. पूर्ण मालिका गावात टिकत नाही. धानाची रोवणी येते, लग्नसराई येते, वीज जाते, आणि दोन भाग हुकले की माणूस तिसऱ्याला येत नाही. तशीही प्रत्येक मालिकेत चार भाग सोन्याचे आणि बाकीचे भरतीचे असतात. 'रामायण' जानेवारी १९८७ मध्ये सुरू झालं तेव्हा ट्रॅक्टरची बॅटरी जोडून टीव्ही चालवलेली गावं मी पाहिली. ती श्रद्धा मला पूज्य आहे. पण मालिका म्हणून आज पाहताना तेच ते चेहऱ्यावर रेंगाळणारे शॉट जड होतात. 'महाभारत' (१९८८ ते १९९०) जास्त टिकलं, आणि त्याचं मोठं श्रेय डॉ. राही मासूम रझा यांच्या संवादांना. द्यूतसभेचे भाग घ्या. स्वतःला हरलेल्या माणसाला बायको पणाला लावायचा हक्क उरतो का, हा द्रौपदीचा प्रश्न आहे आणि सभेत कोणीही त्याचं धड उत्तर देत नाही. आमच्याकडे एका वकिली शिकणाऱ्या पोरीनं त्यावर उभं राहून बोलायला सुरुवात केली, आणि पाटील मंडळीही ऐकत बसली.

गावासाठी सगळ्यात योग्य मालिका कोणती, तर 'मालगुडी डेज'. शंकर नाग यांचं दिग्दर्शन, आर. के. नारायण यांच्या कथा, कर्नाटकातल्या आगुंबेचं चित्रण. बहुतेक भाग अर्ध्या तासाच्या आत संपतात आणि गोष्ट तिथल्या तिथं पुरी होते. स्वामी नावाच्या शाळकरी पोराचे भाग पोरांना आवडतातच. पण मोठ्यांसाठी पोस्टमनचा भाग घ्या, 'मिसिंग मेल'. थानप्पा पोस्टमन गल्लीतल्या प्रत्येक घराचा आपला माणूस. एका घरात मुलीचं लग्न जुळतं, मुहूर्त हुकला तर तीन वर्षं थांबावं लागणार. त्याच दिवसांत त्या घरच्या नातलगाच्या निधनाची तार येते. थानप्पा ती दाबून ठेवतो, लग्न लागू देतो आणि नंतर स्वतःच आणून देतो. मुलीच्या बापाला सांगतो की तुम्ही तक्रार करू शकता, माझी नोकरी जाईल. बाप तक्रार करत नाही. एवढीच गोष्ट. आमच्याकडे दोन तट पडले. बाया म्हणाल्या, त्यानं पोरीचं कल्याण केलं. एक तरुण शेतकरी म्हणाला, 'मेलेल्या मानसाचं तोंड पाहाचा हक्क त्यानं काहून हिरावला?' दोघांचंही खरं. अर्ध्या तासाच्या भागानं दोन तासांची चर्चा दिली.

'भारत एक खोज' (श्याम बेनेगल, ५३ भाग) मधले दोन तरी घ्या: शिवाजी महाराजांचा, त्यात नसीरुद्दीन शाह आणि औरंगजेबाच्या भूमिकेत ओम पुरी, आणि महात्मा फुल्यांचा, त्यात सदाशिव अमरापूरकर. अमरापूरकरांना खलनायक म्हणून ओळखणारी माणसं चकित होतात. 'तमस' (१९८८, गोविंद निहलानी) फार मोठं काम आहे, पण नाथूच्या डुक्कर मारण्याच्या पहिल्याच प्रसंगात लहान लेकरं घाबरतात. त्याला मोठ्यांचा वेगळा दिवस ठेवा, आणि गावात तणाव असेल तर लावू नका. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या मालिकांबद्दल पुणेकर हळवे होतात. ते केंद्र १९७२ ला सुरू झालं, पण आपल्या गावांत चित्र पोचायला पुढचं दशक उजाडलं, त्यामुळे त्या मालिकांशी इथं कोणाची नाळ जुळत नाही. त्या मागं ठेवा.

हंगाम धानकापणीनंतरचा धरा, पण मंडईच्या रात्री टाळा. नाटकाशी स्पर्धा करून उपयोग नाही.

राहिला हक्कांचा प्रश्न. आपल्या कायद्यात चित्रपटाचं स्वामित्व प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतं, त्यामुळे 'संत तुकाराम', 'श्यामची आई' आणि 'सांगत्ये ऐका' मोकळे झाले आहेत. त्यानंतरच्या चित्रपटांसाठी निर्मात्याला आणि मालिकांसाठी दूरदर्शन किंवा ज्याच्याकडे हक्क असतील त्याला वाचनालयाच्या लेटरहेडवर पत्र टाका. तिकीट नाही, प्रेक्षक किती आणि कार्यक्रम कशासाठी, हे त्यात साफ लिहा. पत्राचा मसुदा हवा असेल तर सांगा, आमचा पाठवतो.