नववीची फी आणि समासातली प्रश्नचिन्हं

फेब्रुवारी लागला की नागपुरात धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न येतो. माणसं तेवढी वेगळी. "मॅडम, पोरगं हुशार आहे. आठवीपर्यंत आरटीईत झालं. आता पुढे काय?" २००९च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे, म्हणजेच आरटीईमुळे, खासगी विनाअनुदानित शाळेत पहिलीला २५ टक्के राखीव जागांत नंबर लागतो, पण फुकटचं शिक्षण आठवीला संपतं. नववीची पावती आईबापाच्या नावानं फाटते. मग कर्ज काढून तीच शाळा ठेवायची, की घराजवळच्या अनुदानित शाळेत घालायचं?

गेल्या वर्षी असंच एक कुटुंब आलं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते. वडिलांचं सक्करदऱ्याला मोटार वाइंडिंगचं दुकान, आई ब्लाउज शिवते. मुलगी दोघांच्या मधे गप्प बसलेली, मांडीवर दप्तर.

"पोट्टी भल्ली हुशार आहे, मॅडम. रात्री बारापर्यंत अभ्यास करून राहते. कर्ज काढतो, पण शाळा तीच पाहिजे."

"तुमच्या वाक्यातला 'च' काढा आणि पुन्हा म्हणा बरं."

ते गोंधळले. "शाळा... ती पाहिजे." आणि स्वतःच हसले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस वाचल्यापासून हा 'च' मला लांबूनही ऐकू येतो. इच्छा असू द्यावी, तिचा हट्ट होऊ देऊ नये, एवढंच मी गेली कित्येक वर्षं घासूनपुसून सांगते आहे. पण 'च' निघाला म्हणून त्याखालचं भय निघत नाही. ते पुढच्या भेटीत बाहेर आलं. "मी कार्पोरेशनच्या शाळेतला. दहावीत गणितात उडालो. शाळा चांगली असती तर..."

"मग तुम्ही शाळा तिच्यासाठी पाहून राहिले, की तुमच्यासाठी?"

ते पंख्याकडे बघत राहिले. बायको हळूच म्हणाली, "हेच मी सांगून राहिली होती."

तिसऱ्या वेळी मुलीला एकटीलाच बसवलं. तिनं गणिताची वही काढली. अक्षर मोत्यासारखं, पण समासात जागोजागी पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्हं होती. एका पानावर मी नऊ मोजली.

"ही कशाची?"

"विचारायचे आहेत."

"कोणाला?"

ती बोलली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "टीचर म्हणतात, ट्यूशनला विचार. पप्पाला सांगितलं असतं तर ट्यूशन लावली असती. पैसे लागले असते."

तेव्हा मला जे उमगलं, त्यानंतर मी हा प्रश्न वेगळ्याच बाजूनं सोडवते. शाळा सरकारी की खासगी, हे मी आता शेवटी विचारते. आधी विचारते: या लेकराची प्रश्नचिन्हं कुठे पुसली जातील?

वडिलांना मी एक काम दिलं. दोन्ही शाळांत जा. इमारत पाहू नका. नववीला गणित-विज्ञान कोण शिकवतं, ते विचारा, आणि मधल्या सुट्टीत त्यांना भेटून या. सेमी इंग्रजी आहे का, प्रयोगशाळेला कुलूप आहे का, तेही पाहा. तिची शाळा राज्य मंडळाचीच होती, त्यामुळे दहावीचा पेपर दोन्हीकडे एकच आणि अकरावीची ऑनलाइन प्रवेशयादीही त्याच गुणांवर. सीबीएसईचं मूल असेल तर मात्र ठरवायचं ते नववीच्या आधी, कारण तिथं मंडळाची नोंदणी नववीतच होते.

आणि ज्यांचं मूल अजून सातवीत आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट, जी निम्म्या पालकांना माहीत नसते. एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत असते, ती सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठी. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. खासगी विनाअनुदानित शाळेतलं मूल, आरटीईतलं असलं तरी, तिला बसू शकत नाही.

सगळ्यांनाच शाळा बदला म्हणते असं समजू नका. त्याच महिन्यात एका मुलाला मी होता तिथंच राहू दिलं, कारण त्याचे एक सर त्याला रोज अर्धा तास थांबवून शिकवत होते. त्याच्या आईला फीचे हप्ते पाडून घ्यायला सांगितलं.

इकडे वडील अनुदानित शाळेतून परत आले ते जरा वेगळ्याच आवाजात. "रंग उडालेला आहे, मॅडम. पण ते सर म्हणाले, पोरीला वही घेऊन पाठवा."

जूनच्या अखेरीस शाळा उघडल्या. ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला.

"मॅडम, काल सरांनाही एक गणित नाही आलं."

"मग?"

"उद्या सांगतो म्हणाले. आज सकाळी पोट्टीला बोलावून फळ्यावर सोडवून दाखवलं."