शेवटचे दहा मणी

प्रश्न: ताई, माझी आजी गेल्या वर्षी ऑक्टोबरात गेली. वय ९१. आम्ही कलिन्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. वर्षाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, नातवंडांतर्फे पाच मिनिटं मी बोलायचं ठरलंय, कारण मी तिच्याच हाताखाली वाढलो. तीन आठवडे कागद घेऊन बसतोय. ‘प्रेमळ, देवभक्त, घरच्यांसाठी आणि मैत्रिणींसाठी झिजली’ याच्या पुढे ओळ जात नाही. हे तर कुणाच्याही आजीबद्दल म्हणता येईल. शिवाय कॅनडाहून येणारे काका म्हणतात, इंग्लिशमध्ये बोल. आजीला इंग्लिश येत नव्हतं. आणि माझं मराठी बोलण्यापुरतं, लिहिताना फजिती (हे पत्र बायकोने तपासलंय). काय करू?
— एक नातू, सांताक्रूझ पूर्व

उत्तर: तुला अरे-तुरेच करते, माझ्या मुलाहून लहान असशील. आधी सांग, आजीचं प्रार्थनेचं पुस्तक कुणाकडे आहे? मिळव ते. वाचत बसू नकोस. उलटं धर आणि झटक.

माझ्या आजीचं असंच झटकलं होतं आम्ही. १९८९ साल, बांद्र्याच्या गावठाणातलं घर, तिला पोचवून आल्याला चारेक दिवस झालेले. पुस्तकातून काय काय पडलं! गेलेल्यांच्या आठवणीची काळ्या काठाची कार्डं. आगेऱ्याच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, मिस्सेत आशीर्वाद दिलेलं भाताचं वाळकं लोंब, हात लावताच त्याचा भुगा झाला. मोत माउलीच्या, म्हणजे बांद्र्याच्या माउंट मेरीच्या, जत्रेतलं एक चित्र, त्यावर मेणाचा ओघळ. आणि वाण्याची एक पावती. पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने पाच ओळी: ‘मेलेले. बाहेरगावचे. शेजीण, डोला. पोरं, पास.’ (डोला म्हणजे डोळा.) पाचव्या ओळीवर लिहून-खोडून, लिहून-खोडून कागद इतका झिजला होता की उजेडाला धरला तर पलीकडची माझी बहीण दिसली.

बाकीच्यांना उलगडा होईना. मला कळलं. संध्याकाळी चर्चची सातची घंटा झाली की आजी देवाच्या फळीखाली तेरेजला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसायची. जपमाळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग. प्रत्येक भाग तिने कुणाकुणाला वाटून दिलेला. लोकांना वीस मिनिटं लागतात, हिला चाळीस, कारण मध्येच ‘नमो मरिये’ थांबवून मांजरीला हाकलणं, मासे झाकलेत का ते विचारणं. आणि शेवटचे दहा मणी त्या दिवशी जिच्याशी किंवा ज्याच्याशी भांडण झालं असेल, त्याच्या नावाचे.

भांडणं काय कमी होती? कोळणीशी, शिंप्याशी, एकदा तर चर्चमध्ये मेणबत्त्या विझवणाऱ्या म्हाताऱ्याशी. शेजीण म्हणजे पलीकडच्या चाळीतल्या काकू, घरात गणपती बसवणाऱ्या, आजीची चाळीस वर्षांची मैत्रीण. दर मे महिन्यात अंगणात चुलीवर मिरच्या भाजून, उखळात कुटून घरचा मसाला व्हायचा, तो बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. पहिली बाटली शेजारणीची. आमच्या ठसक्याचं तिला काही नाही, बाटलीत हवा राहता कामा नये. तर एका वर्षी एका पातेल्यावरून दोघींचं बोलणं बंद झालं. आठ महिने. मे आला. आजीने बाटली भरली, बूच लावलं, मला म्हणाली, “जा, देऊन ये. मी दिली म्हणू नको.” मग दिली कुणी म्हणू, गो आजी?

आता जरा न आवडणारं सांगते. माझ्या धाकट्या काकांनी दादरच्या हिंदू मुलीशी कोर्टात लग्न केलं. आजी गेली नाही. दोन वर्षं सुनेशी बोलली नाही. सून समोर आली की भिंतीकडे बघायची. माझ्या प्रेमळ, देवभक्त आजीनेच हे केलं, आणि ते मी स्वतः पाहिलंय. त्या दिवसांत एका संध्याकाळी मी आगाऊपणा केला, विचारलं, “आजचे शेवटचे दहा कुणाचे?” बराच वेळ मणी हलला नाही. मग म्हणाली, “तुझ्या काकीचे. गप बस.”

काकी घरी आली कशी, समेट कसा झाला, ती लांबण लावत नाही. काकांना मुलगी झाली, एवढं पुरे. तुझ्या भाषेच्या प्रश्नासाठी पुढचं सांगते. आजी शेवटचे तीन महिने अंथरुणावर होती. डोळे गेलेले. तिला संध्याकाळी पुस्तकातली लदीन, म्हणजे एकाने म्हणायची आणि बाकीच्यांनी प्रतिसाद द्यायची प्रार्थना, ऐकायची असायची, तीही मराठीत. आम्ही सगळी नातवंडं कॉन्व्हेंटची. फाडफाड इंग्लिश, आणि मराठी जोडाक्षर आलं की गाडी अडली. माझ्या भावाने एकदा वाचून दाखवलं तर आजी म्हणाली, “ह्याला पानी दे कुनीतरी.” मग वाचलं काकीने. मराठी माध्यमाची ती, एकही शब्द न अडता, रोज. फक्त प्रतिसाद आमचा. मी मराठी नीट वाचायला शिकले ती त्यानंतर, काकीकडून, वयाच्या तिसाव्या वर्षी. नाहीतर हे सदर मी कुठून लिहिलं असतं?

तेव्हा तुझ्या काकांना सांग, मधलं बोलणं तुझी जीभ चालेल त्या भाषेत होईल, पण आजीच्या तोंडची वाक्यं तिच्याच बोलीत येतील, ‘डोला’ तर ‘डोला’, ‘पानी’ तर ‘पानी’. त्यांचा अर्थ सांगत बसू नकोस. कॅनडात कितीही वर्षं काढलेली असोत, कलिन्यात वाढलेल्या माणसाला आईचं बोलणं कळतं. कळून घ्यायचं नसेल तर गोष्ट वेगळी.

आणखी एक. घरातले लोक तुला मोठमोठ्या गोष्टी घालायला सांगतील. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल युखॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्याला मुंबईत आले होते. तुझी आजी तेव्हा तिशीची, कदाचित तीही ओव्हल मैदानावर गेली असेल, विचार घरात. माझी गेली होती, नवं लुगडं नेसून, भाकरीचं फडकं घेऊन. मी सहा वर्षांची, मला नेलं नाही म्हणून भोकाड पसरलेलं. रात्री परतल्यावर विचारलं, “पोप कसे दिसतात?” म्हणाली, “टोपी दिसली. आनि माजी एक चप्पल गेली.” पुढची पंचवीस वर्षं पोपची भेट म्हटलं की आमच्या घरी ती चप्पल निघायची. असं काही सापडलं तर ठेव. नुसतं ‘पोपचं दर्शन घेतलं’ असेल तर सोडून दे.

तिच्या मैत्रिणींपैकी कोण हयात आहे? त्यांच्याकडे जा, पण सायंकाळी, आणि हातात काहीतरी घेऊन. ‘आजी कशी होती’ असं विचारशील तर ‘फार चांगली’ हेच ऐकशील. ‘तुमचं भांडण कशावरून झालं होतं’ असं विचार. चहा दोनदा होईल.

पाच मिनिटं म्हणजे सावकाश बोललास तर पाचशे-सहाशे शब्द. एक भांडण, एक बाटली, एक वाक्य, एवढंच मावतं. मिस्सेच्या मधल्या प्रवचनात हे बसत नाही. कम्युनियननंतर, म्हणजे पवित्र भाकर वाटून झाल्यावर, शेवटच्या आशीर्वादाआधी बोलायला मिळतं, पण फादरांना आठवडाभर आधी विचारून ठेव. कागद मोठ्या अक्षरात लिही. आणि बायकोला पहिल्या बाकावर बसव, जोडाक्षर अडलं तर ती तोंड हलवून सांगेल.