पानाची डावी बाजू

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या नव्या पाळणाघरासाठी इंदूरच्या सुदामानगरातली जागा, पाळणे, खेळणी, मदतीला बाई, सगळं ठरलं म्हणतेस. मुलांच्या जेवणाबद्दल मात्र "डबे घरून येतील, वरचं थोडं मी करीन" एवढंच लिहिलंस. पाळणाघराचा अर्धा दिवस खाण्यातच जातो, म्हणून आज तेवढ्यावरच लिहिते.

पहिल्या आठवड्यातच एखादी आई म्हणेल, "आमचा काही खातच नाही हो." तिचं शांतपणे ऐकून घे आणि मग हे सांग. जन्मताना तीन किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण नऊ किलोंचं होतं. पुढच्या पूर्ण वर्षात भर पडते ती दोन-अडीच किलोंचीच. वाढ मंदावली की भूकही उतरते. त्याच सुमारास मूल अनोळखी घास नाकारू लागतं, आणि दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान हे नाकारणं सगळ्यात जास्त असतं. बहुतेक मुलांत तो वयाचाच भाग असतो. पण कितीतरी घरांत इथूनच रोजची झटापट सुरू होते. चिऊ-काऊचा घास मला चालतो, त्यात भरवणारी आणि खाणारा एकमेकांकडे बघत असतात. मोबाइल समोर धरला की मुलाचं पोट भरतं, पण आपण काय खाल्लं ते त्याला कळतही नाही. तुझ्याकडे तो नको.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी एक वाटणी सांगितली आहे, ती पाळ. काय, केव्हा आणि कुठे बसून खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते मुलानं. दुसरा भाग आपल्या बायकांना फार जड जातो. मुलानं पानात टाकलं की जीव तुटतो. म्हणून मुळातच कमी वाढ. दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात पुरतो, हवा असेल तर पुन्हा मागेल.

आता माझ्या मनातलं मुख्य सांगते. आपलं पान कसं वाढतात ते आठव. मध्ये वरण-भात, उजवीकडे भाजी-आमटी, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. डावीकडचं सगळं बोटभर. तिखट, आंबट, तुरट, कडू यांची ओळख तिथे होते आणि मधला वरण-भात ओळखीचा तसाच राहतो. लहान मुलाला नवे पदार्थ शिकवायला याहून चांगली मांडणी मला माहीत नाही. मध्ये त्याच्या ओळखीचं, पोट भरेल असं. डावीकडे एकच अनोळखी वस्तू, नखाएवढी: गिलकीची फोड, किसलेलं बीट, मेथीची दोन शिजलेली पानं. "खा" म्हणायचं नाही. शेजारी बसून आपण खायचं.

मूल बोट लावेल, हुंगेल, चाटून थुंकेल. हे सगळं शिकणंच आहे. नवी चव पटायला मुलाला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळेलाच "याला आवडत नाही" असा शिक्का बसतो आणि ती भाजी त्याच्यापुरती संपते. तू नाकारलेली वस्तू चार-सहा दिवसांनी पुन्हा वाढत जा, वेगळ्या रूपात चालेल. पराठ्यात पालक लपवायला माझी हरकत नाही, पोटात जातोच. मात्र तेवढ्यानं पालक ओळखीचा होत नाही. तो कधी तरी हिरवागार ताटात दिसायला हवा.

इंदुरात याच्या आड येते ती शेव. पोह्यांवर शेव, वरणावर शेव, भाजीतही शेव. खारट, कुरकुरीत चव वरून आली की खालचं सगळं एकसारखंच लागतं. शेव शत्रू नव्हे, पण तुझ्या पाळणाघरात ती रोजची नसावी. पोहे मटार, डाळिंबाचे दाणे आणि लिंबू घालून दे. पालेभाजी-डाळीवरही लिंबू पिळ, कारण त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा दिला की उलट होतं, आणि डब्यात चहा-बिस्किटं देणारी घरं तुला भेटतील. तसंच दुधाचं. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणाऱ्या मुलाला जेवायला भूक राहत नाही. बाटलीभर दूध पाजून सोडणाऱ्या आईशी हे नीट बोल.

"भाजी संपव, मग जिलबी." हे वाक्य तुझ्या बाईच्या तोंडी येईल, तेव्हा तिथल्या तिथे थांबव. लीअन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1984 साली छापलेल्या प्रयोगात नवं पेय प्यायल्याबद्दल बक्षीस मिळालेल्या मुलांना ते पेय पुढे उलट कमीच आवडू लागलं. त्यांचाच 1980 चा आणखी एक प्रयोग तुझ्या फार कामाचा आहे: एखादी भाजी न आवडणाऱ्या मुलाला ती आवडीनं खाणाऱ्या मुलांत काही दिवस जेवायला बसवलं, तर तेही ती घेऊ लागतं. एकुलत्या मुलाच्या आईला हे घरी साधता येत नाही, तुला येईल. सगळ्यांना एका पंगतीत बसव आणि चवीनं खाणारं मूल मधोमध घे.

बोरन्हाणात बघितलंस ना? चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे डोक्यावरून पडतात आणि एरवी तोंड फिरवणारी पोरं जमिनीवरून वेचून तोंडात टाकतात. कोणी आग्रह करत नाही, हात त्यांचेच असतात. तशी मोकळीक रोज थोडी दे. सोलाणे सोलायला दे, मेथी निवडायला दे, भुट्ट्याचा कीस करताना दाणे हाताळू दे. फक्त पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा कडक गोळ्या नकोत, आणि द्राक्षं उभी चिरूनच. बोराची बी आधी काढायची. श्वास अडकायला क्षण पुरतो. मूल खाताना बसलेलं हवं आणि जवळ मोठं माणूस हवं. वर्षाखालच्या बाळाला मध नाही, आजी कितीही म्हणाली तरी.

प्रवेशाच्या वेळी कशाची ॲलर्जी आहे ते लिहून घे. आणि एवढं करूनही एखादं मूल चार-पाचच पदार्थांवर अडून राहिलं, त्यातलेही गळू लागले, गिळताना सारखं ठसकत असेल किंवा वजन काही महिने वाढलंच नसेल, तर आईबापांना बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांग. तिथे धीर धरून बसू नकोस.

थंडीत गराडूचे कंद येतील. उकडून, तुपावर परतून, मीठ-लिंबू लावून डावीकडे एकेक फोड वाढ; जिरावणाचा तिखट मसाला मोठ्यांना. कोणत्या मुलानं काय केलं ते मला सविस्तर लिही. थुंकलं असेल तर तेही लिही.

कळावे,
तुझी मावशी