अर्धायुष्याची गणितं: सुरुवातीला एवढंच धर

भावा, किरणोत्सारी पदार्थाचे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुष्य. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला त्याची सूत्रं दोनच लागतात: λ = (१/t) ln(N₀/N) आणि अर्धायुष्य = ०.६९३/λ. (λ क्षयस्थिरांक, t गेलेला वेळ, N₀ सुरुवातीचं, N उरलेलं.) पण आधी उरलेला भाग बघ. १/२, १/४, १/८ असा सरळ आला तर सूत्र कशाला? आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य सुमारे ८ दिवस, म्हणजे २४ दिवसांत १/८ उरणार. असली गणितं रंकाळ्याला फेरी मारता मारता तोंडी सुटतात.

आता खरी गोम. '१० दिवसांत २०% क्षय झाला' असं दिलं की निम्मी पोरं N म्हणून २० घालतात. N म्हणजे उरलेलं, म्हणजे ८०. ln(१००/८०) = ०.२२३, λ = ०.०२२३ प्रतिदिन, अर्धायुष्य ३१ दिवस. २० घातलंस तर ४.३ दिवस येतात, आणि तिथंच शंका यायला हवी: १० दिवसांत निम्मंही गेलेलं नाही, मग अर्धायुष्य १० पेक्षा कमी कसं?

- कॅल्क्युलेटरवर ln ऐवजी log (पाया १०) दाबलास तर २.३०३ ने गुण. नाहीतर इथं उत्तर ७१ दिवस येतं.
- t दिवसांत तर λ प्रतिदिन. एकक लिहीतच जा.
- प्रॅक्टिकलला गायगर काउंटरच्या (किरणोत्सार मोजणारं यंत्र) आकड्यातून पार्श्वभूमीची मोजणी (नमुना नसतानाही येते ती) आधी वजा कर, मगच ln घे.

क्षयमालिका (एका क्षयातून बनलेला अणूही पुढं क्षय पावतो, ती साखळी) आत्ता उघडूच नकोस.