सोसायटीचा पंप, कॅमेरे आणि एकच वायफाय

पाण्याच्या टाक्यांचे सेन्सर, पंप, सोळा कॅमेरे आणि जिन्यातले दिवे असे सगळे एकाच वायफायवर आणि एकाच ॲपवर आणण्याचा प्रस्ताव तुमच्या सोसायटीला कंत्राटदाराने दिला आहे. तो सुरक्षित आहे का आणि इंटरनेट गेले तर काय होईल, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. माझ्या मते दोन्हींचे मूळ एकच आहे: प्रत्येक उपकरण आपल्या कामासाठी कोणावर विसंबून आहे आणि त्याला आदेश कोण देऊ शकतो.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो आम्ही भोगला आहे. आमच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीतला सेन्सर पाण्याची पातळी दूरच्या सर्व्हरला कळवत असे आणि पंप चालू-बंद करण्याचा आदेश तेथून तळमजल्यावरच्या स्टार्टरकडे येत असे. एका रात्री पंप चालू असतानाच रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली आणि बंद करण्याचा आदेश आलाच नाही. टाकी भरून पाणी गच्चीवरून जिन्यात उतरले. पहाटे दूधवाल्याने वॉचमनला उठवले, तोवर खालची टाकी रिकामी होऊन पंप कोरडा चालत होता आणि पंपाच्या खोलीत जळका वास भरला होता. कोणीही हल्ला केला नव्हता. आदेश न आल्यास पंपाने काय करावे, हेच कोणी ठरवले नव्हते. त्यानंतर आम्ही दोन्ही टाक्यांत साधे फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होणारे, तरंगते स्विच) बसवून त्यांच्या वायरी थेट स्टार्टरपर्यंत आणल्या. ॲपवर पातळी आजही दिसते, पण पंप थांबवण्याचे काम फ्लोटच करतो.

अशी अनेक उपकरणे एमक्यूटीटी या प्रोटोकॉलने, म्हणजे निरोप पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, बोलतात. त्यात ‘लास्ट विल’ नावाची सोय आहे: उपकरणाचा संपर्क अचानक तुटला की त्याने आधीच सोपवून ठेवलेला निरोप ब्रोकर, म्हणजे निरोपांची देवाणघेवाण करणारा मधला सर्व्हर, इतरांना पोहोचवतो. कंत्राटदार तिचा दाखला देईल, पण त्यामुळे संपर्क तुटल्याचे इतरांना कळते एवढेच. ठरावीक वेळात निरोप न आल्यास पंपाने स्वतः थांबण्याची व्यवस्था पंपाच्या कंट्रोलरमध्येच असावी लागते. मोठ्या सेवाही बंद पडतात. 25 नोव्हेंबर 2020 रोजी ॲमेझॉनच्या क्लाउडमधील एका सेवेत बिघाड झाला, तेव्हा घराघरांतील रोबो व्हॅक्यूम आणि दारावरच्या स्मार्ट घंटा यांच्या सेवांनाही फटका बसला होता.

आता कॅमेरे. सभोवतालात विरून जाणाऱ्या संगणकांची कल्पना झेरॉक्स पार्क या संशोधन प्रयोगशाळेतील मार्क वायझर यांनी 1991 मध्ये मांडली. भिंतीवरचा कॅमेरा हा संगणकच आहे, हे आपण खरोखरच विसरतो आणि म्हणून त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहतो. 2016 मधील मिराई या घातक प्रोग्रॅमने याचाच फायदा घेतला. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या टेलनेट या दुरून लॉगिन करण्याच्या जुन्या सोयीवरून आजमावत त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला डिन या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) पुरवणाऱ्या कंपनीवर अशाच उपकरणांकडून इतकी रहदारी लोटली गेली की ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अनेकांना काही तास उघडता आली नाहीत. मिराई केवळ मेमरीत राहत असे, त्यामुळे कॅमेरा बंद करून चालू केला की तो पुसला जाई. पण पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत पुन्हा शिरे.

म्हणून कॅमेऱ्यांना वेगळे व्हीलॅन, म्हणजे त्याच यंत्रणेत अलग पाडलेले नेटवर्क, द्यावे. पंपाचे नेटवर्क त्यापासून अलग असावे आणि सभासदांच्या मोबाइलचे वायफाय या दोहोंपासून दूर असावे. राउटरवरील यूपीएनपी (उपकरणांना बाहेरची वाट आपोआप उघडून देणारी सोय) बंद करावे, बाहेरून कॅमेरे पाहायचे असल्यास पोर्ट (राउटरमधून आत येण्याचे दार) उघडा न ठेवता व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा सुरक्षित खासगी मार्ग, वापरावे, आणि एमक्यूटीटी 1883 या पोर्टवर निरोप उघडे पाठवण्याऐवजी टीएलएससह (निरोप सांकेतिक करून) 8883 वर चालवायला सांगावे. कारखान्याच्या सरसकट पासवर्डवर ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून कायद्यानेच बंदी आहे. आपण निदान करारात तरी तशी अट घालावी.

गच्चीवरचा सेन्सर बॅटरीवर चालणारा असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. फ्रँक स्टायानो आणि रॉस अँडरसन या सुरक्षा संशोधकांनी 1999 मध्येच दाखवून दिले होते की असे उपकरण फोडण्याचीही गरज नसते. त्याला सतत प्रश्न विचारून झोपू दिले नाही, तरी बॅटरी संपून ते निकामी होते. त्यामुळे बॅटरीची पातळी आणि शेवटच्या निरोपाची वेळ, दोन्ही ॲपवर दिसली पाहिजेत.

अंतिम हप्ता देण्यापूर्वी कंत्राटदारासमोर पंप चालू असताना इंटरनेटची वायर काढा आणि वरची टाकी भरेपर्यंत तेथेच थांबा. पंप आपोआप बंद झाला आणि जिन्यातले दिवे साध्या बटणाने लागले, तरच सही करा.