दुखण्याची नोंद किती ठेवावी?

प्रश्न : ताई, माझं वय 43. चार वर्षांपासून कंबर दुखते. एमआरआयमध्ये वयोमानाप्रमाणे झीज आहे, ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा, असं डॉक्टर म्हणाले. मुलीने फोनवर वेदनेची नोंद ठेवणारं अ‍ॅप घालून दिलंय. ते दर दोन तासांनी विचारतं, ‘आत्ता किती दुखतंय, 0 ते 10?’ मनगटावरचं घड्याळ 10,000 पावलांचा लकडा लावतं. बरं वाटतं त्या दिवशी मी पावलं पुरी करते, की पुढचे दोन दिवस आडवी. हे सगळं काढून टाकू का?

उत्तर : काढून टाकू नका, पण दर दोन तासांची ती विचारणा आजच बंद करा. दात दुखत असला की जीभ सारखी तिथेच जाते, तसं होतंय तुमचं. तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेल्या दुखण्यात बऱ्याचदा मज्जासंस्थाच हळवी झालेली असते. इजा वाढलेली नसतानाही वेदना वाढू शकते. त्यात दिवसभर लक्ष तिथेच खिळवून ठेवलं की दुखणं अधिकच जाणवतं. आकडा रात्री एकदाच लिहा. त्याच्याशेजारी दोन गोष्टी हव्यातच : आज काय काय केलं, आणि झोप कशी लागली.

कामांची नोंद का, ते सांगते. माझ्याकडे व्यायामासाठी येणाऱ्या एका गृहस्थांची खात्री होती की सकाळच्या फिरण्यानेच पाठ धरते. फिरणं बंद करायच्या बेतात होते. त्यांच्या फोनमधली नोंद मी शेजारी बसून वाचली. ‘शनिवार : इस्त्री, उभ्याने, 40 मिनिटं. काही त्रास नाही. रविवार : फिरून आलो. दुपारपासून 7.’ मागचे आठवडे चाळले, तर जवळजवळ दर शनिवारी इस्त्री आणि दर रविवारी कळा. फिरणं इतर दिवशीही होतंच, तेव्हा काही होत नव्हतं. आदल्या दिवशीच्या कामाचं दुखणं दुसऱ्या दिवशी उठतं आणि आळ भलत्यावरच जातो. नुसत्या आकड्यांच्या आलेखात हे कधीच दिसलं नसतं. इस्त्री दोन दिवसांत वाटून घेतली, फिरणं चालू राहिलं.

आता तुमची पावलं. 10,000 हा आकडा काही वैद्यकशास्त्राने ठरवून दिलेला नाही. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्याबरोबर तो रूढ झाला. घड्याळातलं ते लक्ष्य काढून टाका आणि आठवडाभर फक्त मोजू द्या, चांगले-वाईट दिवस धरून. मग सरासरी काढा आणि तिच्यापेक्षा पाचवा हिस्सा कमी ठेवा. तेवढंच रोज चालायचं. बरं वाटलं म्हणून जास्त नाही, आणि जरा दुखतंय म्हणून एकदम शून्यही नाही. पंधरवडा नीट पार पडला की थोडं वाढवा.

उभ्याच्या कामांनाही हाच हिशोब. समजा, दुखणं वाढायला लागेपर्यंत एकदा 20, एकदा 15 आणि एकदा 25 मिनिटं उभं राहता आलं. सरासरी 20, पाचवा हिस्सा वजा केला की 16. फोनमध्ये 15 मिनिटांचा टायमर लावा. तो वाजला की बसायचं, कंबर अजिबात दुखत नसली तरी. हेच सगळ्यांत अवघड जातं, कारण हातातलं काम संपत आलेलं असतं. पण दुखायला लागल्यावर थांबण्यापेक्षा त्याआधी थांबणं, यानेच ते ‘एक दिवस धावपळ, दोन दिवस आडवं’ चक्र सुटतं. माझ्या मते तुमच्या फोनमधली सर्वांत मोलाची वस्तू हा साधा टायमर आहे. वेगळं अ‍ॅप नसलं तरी चालेल.

डॉक्टरांकडे जाताना रंगीत आलेखांची चळत नेऊ नका. एका पानावर लिहा : काय करता येतं, काय येत नाही, कशाने वाढतं, कोणतं औषध कधी घेता. अ‍ॅप काहीही सुचवो, डोस स्वतः बदलू नका. आणि पायातली ताकद अचानक कमी झाली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर नोंदी बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठा. ताप किंवा कारणाशिवाय घटणारं वजन असेल तरीही डॉक्टरांना दाखवायचं लांबवू नका.

प्रश्न : डोळ्यांवर लावायच्या व्हीआर (आभासी दृश्यं दाखवणाऱ्या) चष्म्याने कंबरदुखी कमी होते म्हणतात. खरं का?

उत्तर : काही जणांना मदत होते. जुनाट कंबरदुखीसाठी अशा एका कार्यक्रमाला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) नोव्हेंबर 2021 मध्ये परवानगी दिली. तो आठ आठवड्यांचा, घरी करायचा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळणारा आहे. त्यात श्वास, शिथिलीकरण आणि वेदनेकडे बघायची पद्धत शिकवतात. चालू उपचारांच्या जोडीला तो घ्यायचा असतो, त्यांच्या बदल्यात नाही. चष्मा लावून चक्कर किंवा मळमळ होत असेल, किंवा मानही दुखत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. त्याचं वजन मानेवरच येतं.